निरगाठ, सुरगाठ

दुब्ना, फेब्रुवारी. उणे एकोणीस.
व्होल्गाच्या बर्फाला भोक पाडून
वेनियामिन ल्वोविच पत्र्याच्या डब्यावर बसलेला.
चाळीस वर्षं त्यानं लेथवर
आमच्या त्वरकाच्या नळ्या कातल्या,
मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत.
आता त्याचं म्हणणं, क्वार्क नाहीतच.
सगळं एकाच दोऱ्याचं आहे.

संस्थेत कुणी त्याची वही उघडली नव्हती.
मी उघडली.
अशी आमची गाठ पडली.

दातांनी हातमोजा ओढून
त्यानं तंगुसाचा तुकडा घेतला.
"हा प्रोटॉन. निरगाठ.
विश्व म्हातारं होईल, ही सुटायची नाही.
हा न्यूट्रॉन. सुरगाठ.
एकटा सोडला की पंधरा मिनिटांत सुटतो."
आणि खरंच, थंडीनं ताठरलेला तो फास
आपला आपण उकलत गेला.

सुंदर होतं. म्हणूनच मी सावध झाले.

टोक कोण ओढतं, मी विचारलं.
दोरा कशाचा? त्याचे पीळ कशाचे?
आरशातली गाठ म्हणजे प्रतिकण, कबूल,
पण कण-प्रतिकण भेटले की उजेड होतो,
तुमचा नुसता गुंता होतोय.

प्रत्येक प्रश्नाला तो नवी गाठ मारायचा.

मग मी म्यूऑन काढला.
इलेक्ट्रॉनचाच भार, तीच गिरकी,
वजनाला मात्र दोनशे पट.
का?

त्यानं झाऱ्यानं भोकावरची बर्फाची साय काढली.
बराच वेळ काढत राहिला.
"आणि तुमच्याकडे का आहे?"

माझ्याकडेही 'का' नव्हतं.
'किती' होतं, दशांशचिन्हापुढे लांबवर,
तेही मोजून आणलेलं, गणितातून निघालेलं नव्हे.
पायाखाली कुठंतरी पाणी मुरत होतं.
तरी मी म्हटलं,
सिद्धांत आकड्याचं देणं लागतो, वेनियामिन ल्वोविच.
(माझ्या प्राध्यापकांचा आवाज. मला ऐकू आला.)

त्यानं अळ्यांच्या डबीवर पेन्सिलीनं उतरवून घेतलं:
दोनशे सहा दशांश सात सहा आठ.
तेवढ्यात गळाला पर्च लागला.
तो त्यानं मलाच दिला.
बसमध्ये सगळे माझ्यापासून लांब बसले.

एप्रिलमध्ये नदी फुटली, तोफा डागल्यासारखी.
मेमध्ये दाराखालून चौकटीच्या वहीचं पान आलं:

"एकशे ब्याण्णव आलं, ताईसिया.
तीनदा केलं. चूक गुणाकारात नाही,
दोऱ्यातच आहे.
सगळं उसवून पुन्हा बसतोय.
पर्च कसा लागला, ते तू कळवलंच नाहीस."