सकर्मक

देवणीच्या शाळेत, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला
इनामदार बाईंनी फळ्यावर लिहिलं : डिमॉरलाइज.
खाली, खडू मोडत : मनोधैर्य खच्ची करणे.

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.
खच्ची म्हणजे काय, ते आमच्या गावात
पहिलीतल्या लेकराला बी ठाऊक.
माझे बाबा तर गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर.
गोऱ्हा खोड्यात, मान वाकडी, डोळ्यांचं पांढरं वर,
लोखंडी चिमटा मिटतो
कच्चकन्.
रक्ताचा थेंब नाही.
तिसऱ्या दिवशी तो कडबा खातो,
शेपटीनं माश्या वारतो,
फक्त कुणावर शिंगं रोखत नाही.

हसू नका, बाई म्हणाल्या, शब्द बरोबर आहे.
आणि दोनदा रेघ ओढली :
हे क्रियापद सकर्मक.
कुणीतरी करावं लागतं, कुणाला तरी.

आपल्याकडे तर नुसतं खचतं.
विहिरीचा काठ खचतो, रस्त्याची कड खचते,
तसा माणूस.
बाबांनी उदगीरहून गाईड आणलं होतं,
वरच्या पदाच्या परीक्षेचं,
पानापानाला घड्या घालून वाचायचे, पोरं झोपल्यावर.
एका रात्री ते ज्वारीच्या कणगीमागं गेलं.
वैजनाथनं हाय खाल्ली, आत्या म्हणाली.
अवसान गळालं, चुलते म्हणाले.
गळालं. लिंबाचा पाला गळावा तसं,
कुणी हात न लावता.

वाक्यात उपयोग करा, बाई म्हणाल्या.
कर्मणी प्रयोगात कर्ता गाळला तरी चालेल,
मार्क जात नाहीत.

मी डबा घेऊन गेले होते त्या दुपारी.
चौघं चहा पीत होते.
डॉक्टरांच्या हातात ते गाईड, उलटसुलट :
'चिमटा धरणाऱ्यानं पेन कशाला धरायचा रे, वैजनाथ?'
सगळे हसले. फार मोठ्यानं नाही.
बाबाही हसले.
मग हात धुवायला गेले, आणि बराच वेळ
नळ चालू राहिला.

मी कर्तरी वाक्य लिहिलं.
सुरुवातीलाच कर्ता, मोठ्या अक्षरात,
आडनावासकट.

वही तपासताना बाईंचं लाल पेन
त्या नावापाशी थांबलं.
दारातून बाहेर पाहिलं त्यांनी, ग्राऊंडकडे.
मग पुढं सरकून
क्रियापदातलं राहिलेलं एक अक्षर
तेवढं भरलं.