तबकातला पेला

मालिकेतल्या राजवाड्यात खांब फार.
दर कटाला एक खांब,
दर खांबामागं एक कान.
असाच एक कान पंचफुलामावशीनं
अकरा दिवस भाड्यानं दिला,
रोजी पाचशे आणि दुपारची खिचडी.

कंधारच्या किल्ल्यात, खंदकाच्या पलीकडं,
थर्माकोलचा महाल उभा राहिला होता.
मावशीची बसस्टँडवरची फुटाण्याची पाटी
तेवढे दिवस जावेनं सांभाळली.

पुढं तीन महिन्यांनी सगळी गल्ली
सात वाजता माझ्या दुकानात.
मी मोबाईल दुरुस्त करतो,
भिंतीवरचा टीव्ही गिऱ्हाईक टिकावं म्हणून.
तिथं आम्ही राजघराणं शिकलो.
महाराणी नथ घालूनच झोपते.
दिवाणजी एकटा असला की मोठ्यानं बोलतो,
नाहीतर आपल्याला कसं कळायचं.
पत्र जळतं, सही तेवढी उरते.
चेहरा एकदा वळला तर राग,
तीनदा वळला तर आता थेट सोमवारी.
छत शाबूत, तरी वीज आतच कडाडते.
आणि एवढ्या मोठ्या वाड्यात
खरकटी भांडी घासताना कुणीच दिसत नाही.

एका शुक्रवारी तबक आलं.
तबकात चांदीचा पेला, पेल्यात दूध,
दुधात काय, ते दिवाणजीनं समईला सांगितलेलं.
तबकाखाली एक हात.
मनगटावर हिरवं गोंदण, तुळस आणि दोन ठिपके.
"मावशे, तुझा हात!" शकील खुर्चीवर चढला.
तोंड काही दिसलं नाही. हातच तेवढा.
मावशी मनली, "दूध कुठलं रं. चुना कालवलेला."

या दारातून त्या दारात जायला
त्या पेल्याला सतरा भाग लागले.
तेवढ्यात शकीलच्या बहिणीची सोयरीक मोडली, पुन्हा जुळली,
नळाला चारदा पाणी आलं,
केंद्रे सरांची मुखेडला बदली झाली
आणि रद्दही झाली.
पेला आपला निघालेलाच.

लोक मावशीला बसस्टँडवर गाठायचे,
तुम्ही तर होतात तिथं, पुढं काय होतं?
मावशी फुटाण्याच्या पुडीत शेवट बांधून द्यायची.
जिची लेक माहेरी येऊन बसलेली,
तिला सांगायची, राणी वाचते.
ज्याचा भावाशी बांधावरून दावा चाललेला,
त्याला, दिवाण सापडतो, पण लई उशिरा.
पोरासोरांना, घोडा बोलतो.
एकाच्या पुडीतलं दुसऱ्याला जुळेना,
न्हाव्याच्या दुकानात त्यावरून भांडणं लागली.

मग पडद्यावर अक्षरं आली: वीस वर्षांनंतर.
महाराणी तीच, कानाजवळ एक पांढरी बट.
दिवाणाचा मुलगा दिवाण झालेला,
मिशी बापाचीच चिकटवलेली.
पेल्याचं नाव कुणी काढेना.
तीन आठवड्यांत मालिकाच उठली.
त्या वेळेला आता लहान मुलं गातात
आणि मोठी माणसं रडतात.

परवा शटर ओढताना मी मावशीला छेडलं,
मला तरी खरं सांग.
"मला कशाचं म्हाईत? आमाला कागद देतेत का?
हितून तितपर्यंत चाल मनले, खाली बघ मनले.
पण पैल्या डावाला म्या पडले.
खंदकाकडनं वारं आलं, लुगडं पायात गुतलं.
पेला गडगडत गेला राणीच्या पायापशी.
समदे कट कट करून वरडायलेत,
ती एकलीच हसली.
मनली, बरं झालं मावशी, वाचले."

मी हसलो. ती नाही.
पाटी डोक्यावर घेतली, चुंबळ नीट केली.
"ते काय दावलं न्हाई त्यायनं.
डाग हाय की पर अजून, तिसऱ्या पायरीवर.
जा, बघून ये."