काळी मोली

काळ्या मोलीचं पोट वाचता येत नाही.
गप्पीचं येतं. शेपटीकडे एक गडद ठिपका,
दिवस भरत आले की कातडीतून बारके डोळेसुद्धा.
ही म्हणजे अख्खी कोळशाची.
फय्याजभाई म्हणाले, समोरून बघा ताई,
चौकोनी दिसली की आलीच वेळ.

समोरून बघते.
मग स्टुलावर चढून वरून,
खवले अननसासारखे उभे राहिलेत का ते.
तसं असलं तर ती पिल्लं नव्हेत, जलोदर,
आणि त्यावर मीठ टाकायचं ते
निम्मं आपल्याच समाधानासाठी.
खवले चपटे आहेत.
आज तरी.

टाकीतला शेवटचा नर दिवाळीत गेला,
उडी मारून.
टीपॉयखाली सापडला, चकलीच्या तुकड्याशेजारी.
आता संक्रांत उलटली. मग हे कुणाचं?
'साठवून ठेवतात त्या,' फय्याजभाई जाळी पुसत,
नजर एअरपंपांच्या खोक्यांकडे.
'एकदा झालं की पुढे चार-सहा महिने नर लागत नाही.'
मागचं गिऱ्हाईक खाकरलं.
मला हसू आलं, मग बराच वेळ आलं नाही.

दिवसा मी पद्मावतीला, सोनोग्राफीच्या काउंटरवर.
चार ग्लास पाणी प्या, लघवी लागली की सांगा,
आधार कार्ड, इथे सही, इथे नवऱ्याचं नाव.
डोक्यावर पाटी:
येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.
एक सासू काचेला ओठ लावून विचारते,
डॉक्टर पेढे म्हणाल्या की बर्फी?
मी सांगते, मॅडमना शुगर आहे,
गोडाचं नाव काढत नाहीत.

गुरुवारी पाणी बंद, म्हणून बुधवारीच
दोन बादल्या उघड्या ठेवल्या, क्लोरीन उडायला.
जिन्यात टिळेकरांची चिठ्ठी आली:
पाणी माणसांसाठी आहे. संबंधितांनी समजून घ्यावे.
संबंधित मी. समजून घेतलं.
तिसरी बादली बाथरूममध्ये नेऊन भरली.

सव्वाशे रुपयांची प्लास्टिकची बाळंतखोली आणली होती,
तळाला फट, पिल्लं खाली निसटावीत
आणि आईच्या तोंडी लागू नयेत म्हणून.
तिला आत सोडलं.
ती भिंतीवर नाक आपटत राहिली,
टक्, टक्, नखाने काच वाजवावी तसं.
घाबरल्या की आतल्या आत जिरवतात म्हणे.
रात्री दोन वाजता डबी तिरकी केली.
ती बाहेर पडली, हीटरमागे जाऊन उभी राहिली.
मी पण, गाऊनवर स्वेटर, ओट्याला टेकून.
कधीतरी झोपले असणार.

सकाळी पोट सपाट.
टाकीत कोणीच नाही.
मोबाईलचा टॉर्च लावून शेवाळ्यात शोधलं
तेव्हा एक हललं, जिऱ्याएवढं, काळं,
मग त्याच्यामागे दुसरं.
सात मोजली. परत मोजली, नऊ.
तेवढ्यात ती शेवाळ्यावरून गेली, अगदी सावकाश,
आणि नवव्याच्या जागी नुसतं पाणी.

मी डोळे मिटले नाहीत.
चिमूटभर खाद्य टाकलं, आणखी चिमूटभर,
भुकेपोटी करत असेल म्हणून.
तिने ते खाल्लं.
मग परत शेवाळ्याकडे वळली.
डबी सिंकमध्ये होती, धुवायला टाकलेली.

पावणेदहाला काउंटरवर.
पहिला नंबर सातव्या महिन्याचा, हडपसरहून आलेली,
सही करता करता सहज विचारते,
ताई, तुम्हाला किती?
नऊ म्हणणार होते.
पाणी प्यायलात का, म्हटलं,
चार ग्लास, पूर्ण?