एक, दोन, चार, तीन

गोठ्याचं दार समुद्रवाऱ्याच्या तोंडावर,
म्हणून उघडायला दोन माणसं लागतात :
एक ओढायला, एक शिव्या द्यायला.
ओढते मी. शिव्या हाल्बेराच्या.

आत लोकरीचा जुनाट वास,
दात पडलेलं गवतकापणी यंत्र
आणि भिंतीला पाठ टेकून ती रशियन जीप,
जिच्या बदल्यात आम्ही त्यांना हेरिंग दिली,
असं बाबा सांगायचे.
"आपली साधारण साठ पिंपांची."
पावसात चालू झाली नाही की म्हणायचे,
"त्यातली दोन नासकी निघाली असणार."

शेवटची ती डोंगरावरून उतरली सप्टेंबरात,
मागच्या बाकावर लंगडी मेंढी घेऊन.
बाबांनी किल्ली काढली. उद्या बघू, म्हणाले.
उद्या बर्फ पडला.
मग टोयोटा आली. मग मी कोपनहेगनला गेले.
मग बाबा गेले, त्याहून लांब.
एकतीस वर्षं.

पुढून हँडल घातलं. हललं नाही.
अंगाचा सगळा भार टाकला. नाहीच.
दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसून हाल्बेरा म्हणाली,
"जाम आहे. मेलेली नाही. फरक असतो, स्टेनव्होर."
चारी प्लग काढले,
चार भोकांत डिझेल आणि तेल, अर्धं अर्धं,
चमच्यानं, आजाऱ्याला पेज भरवावी तसं.

दुसऱ्या दिवशी एअर फिल्टरला हात घातला
तर मागून भुर्रकन काहीतरी उडालं.
धोबी पक्ष्याचं घरटं. आमच्याच मेंढ्यांची लोकर.
सहा अंडी, राखेचे शिंतोडे उडाल्यासारखी.
"हलवू या का जरा?" मी विचारलं.
हाल्बेरानं नुसतं पाहिलं माझ्याकडे.

तर आणखी महिनाभर.
रात्र न होणाऱ्या त्या जूनमध्ये
मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कार्बुरेटर उघडला,
जेटच्या बारक्या डोळ्यांतून तार ओवली,
टाकीत मूठभर खडी घालून ती हलवत बसले.
आतलं पेट्रोल व्हार्निश झालं होतं.
रोज सकाळी दोन दोन चमचे तेल, चोरपावलांनी,
आणि तुळईवरून ती मादी
मला माझ्याच घरात घुसखोर ठरवत होती.

जुलैत पाच उडाली. एक अंडं तसंच राहिलं.
का कोण जाणे, मी ते डॅशबोर्डवर ठेवलं.

"अंगठा बोटांच्याच बाजूला," हाल्बेरा म्हणाली,
"हँडलला मिठी मारू नकोस. ते उलटं मारतं."
स्वतःचा अंगठा दाखवला, दुसऱ्याच गावाला निघालेला.
"हा चौसष्ट सालचा."

मी ओढलं.
पावाचा जाड पापुद्रा मोडावा तसं काहीतरी मोडलं आत,
आणि हँडल पाव फेरा फिरलं.
मी ओरडले नाही. ओरडायला श्वास नव्हता.

प्लग, नवी बॅटरी, घासलेले पॉइंट, ताजं पेट्रोल, चोक.
तारा लावल्या : एक, दोन, तीन, चार.
पहिल्याच ओढीला कार्बुरेटरनं तोंडावर जाळ फेकला,
उजवी भुवई गेली.
हाल्बेरा इतकी हसली की कॅनवरून घसरली.
"शाळेतले आकडे शाळेत. ही एक, दोन,
चार, तीन मोजते.
तुझा बापही पहिल्यांदा असाच भाजला होता."

दोन तारांची अदलाबदल.
सातवी ओढ, आठवी, बारावी.
तेरावीला सायलेन्सरमधून
उंदरांचा अख्खा संसार बाहेर फेकला गेला,
त्यामागून निळा धूर, आणि त्या धुरातून
लंगडत, ठेचकाळत, मग एकदम भान आल्यासारखा
तो आवाज.
कुरणातल्या मेंढ्या एकाच वेळी माना वर करून उभ्या.
डॅशबोर्डवर अंडं थरथरत होतं.

हाल्बेरानं डोळे मिटून ऐकलं.
"तीन नंबर खोकतोय."
मी पाना उचलला.
"राहू दे. तेव्हाही खोकायचा."

मग न विचारता बाजूच्या सीटवर चढून बसली,
मांडीवर दोन्ही हात, चर्चला निघाल्यासारखी.
"ब्रेक आहेत का?"
"नाहीत."
"मग चढाकडे घे."