मोती डोळा

कुर्ल्याच्या या हॉलमध्ये काल लग्न होतं.
थर्माकोलची अक्षरं अजून भिंतीवर आहेत,
नवरीच्या नावातला एक काना गळून पडलाय.
लाल मखमली खुर्च्यांवर आता चषक बसलेत,
आणि जेवणाच्या टेबलांवर पिंजरे. एक्केचाळीस.
एक्केचाळीस नर असील.
ट्यूबलाइट जाते, येते,
आणि दर वेळी उजाडतं.
सकाळपासून सातव्यांदा उजाडलंय.

मला मास्तर म्हणतात. शाळेत मी कधी शिकवलं नाही.
आरेकडच्या एका पोल्ट्रीत एकतीस वर्षं काढली,
अंडी मोजली, पिल्लं मोजली, मेलेली वेगळी मोजली.
त्यात हात शिकले.

असील मी आधी हातानं बघतो.
तळवा छातीखाली, बोटं दोन तंगड्यांच्या मधे,
मग तो आपलं वजन तुमच्यावर सोपवतो
किंवा सोपवत नाही.
पीस घट्ट हवं, दाबलं तर खाली लाकूड लागावं.
छातीचं हाड सरळ. मान लांब.
तुरा बसका, मटाराच्या तीन ओळी शेजारी शेजारी.
गळ्याखाली लोंबतं काही नको,
भांडायला निघालेला माणूस दागिने काढूनच निघतो.
(भांडवायचं नाही, हा इथला पहिला नियम.
पिसाखाली जुनी जखम असली तर
मालकाच्या आधी ती माझ्याशी बोलते.)

छतावरून विमान उतरतं, पोट दाखवत.
एक्केचाळीस माना तिरक्या, एकेक डोळा वर.
त्यांच्या लेखी ती घारच,
दर तीन मिनिटांनी येणारी,
कुणालाच न नेणारी.

सव्वीस नंबर.
कोंडिविट्याच्या गावठाणातली पोरगी, डेल्फीन,
बापाच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.
बाप बस्त्याव मागे, टोपी हातात.
कोंबड्याचं नाव पेद्रू.
पेद्रूला उचललं आणि हात गप्प झाले.
असं फार वेळा होत नाही.
पंख उघडला, मिटला, आपापल्या जागी गेला
चांगल्या छत्रीसारखा.

राहिला डोळा. दहा गुण.
असीलचा डोळा मोत्यासारखा हवा, पांढरा,
निळसर झाक चालते.
मोती माझ्याही डोळ्यात आहे, दोन्ही,
त्याला गुण नाहीत, डॉक्टरांनी मंगळवार दिलाय.
सकाळपासून पंचवीस कोंबड्यांचे डोळे
मी अंदाजानं मोती ठरवले होते.
पेद्रूचाही धुरकट पांढरा दिसला.
दिसणारच. मला बल्बही तसाच दिसतो.

का कोण जाणे, विचारलं,
"कसा आहे गं डोळा?"
ती वाकली, नाक पिंजऱ्याला टेकवून.
"उजवा बरा आहे. डावा पिवळा.
हळदीच्या हातानं पुसल्यासारखा."
मागे बस्त्यावनं श्वास घेतला तो मला ऐकू आला.

चार गुण कापले.
मग पेनाला टोपण लावलं आणि तिला म्हटलं, चल.
एक नंबरपासून पुन्हा.
हॉलमध्ये गलका. गोवंडीचे मुर्तुझाभाई पुढे आले,
"मास्तर, पोरीचा कोंबडा स्पर्धेत आहे,
ती कशी सांगणार?"
मी म्हटलं, "म्हणूनच."
पुढचं काही मला सुचलं नाही,
त्यांनाही नाही.

ती सांगत गेली, मी खोडत गेलो.
राखाडी. मोती. मोती, पण लाल शीर आहे.
बाराव्याचा गुळाच्या चहासारखा.
कागद असा झाला की शेवटी
बेरीज दुसऱ्यानं केली.

पहिला मुर्तुझाभाईंचा. पेद्रू दुसरा, अर्ध्या गुणानं.
बस्त्याव पाटी बांधत होता, सुंभाची गाठ
गरजेपेक्षा घट्ट.
मी पोरीला म्हटलं, कोवळ्या असीलचा डोळा
पिवळा असतो कधीकधी,
वय होईल तसा मोती होत जातो. पुढल्या वर्षी आण.
तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, नीट,
एकेक डोळा वेगळा.
"तुमचे झालेत," म्हणाली.

लाइट गेली.
आली.
पाटीतून आधी पेद्रू आरवला, मग बाकीचे चाळीस.