भत्ता

बेलापूर कोर्ट, पाचवी तारीख.
टोपलीभर सुकट जावेकडे सोपवून आले.
वकील म्हणाले, अंधार होता ना?
होता.
मग सुरा दिसला कसा?

सुरा नाही म्हटलं मी, साहेब.
त्या पोराची चप्पल दिसली,
अंगठा तुटलेली, खाडीकडे तोंड करून.
लिहिणाऱ्याने लिहिलं, सुरा पाहिला नाही.
चप्पल राहून गेली.

खाली नाझराच्या खिडकीत
भत्त्यासाठी सही केली.
दमयंती तांडेल, बसचं तिकीट?
मी तर दिवाळे गावातून
चालत आले होते.
तेवढे पैसे कापले.

जेट्टीवर त्या पोराची आई
बोंबील उलटत बसलेली.
काय बोललीस, विचारलं नाही तिने.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
ती चप्पल
देतील का गं परत?