बावीस पत्रे

खाणी चालू होत्या तेव्हा कुष्टानं
सावर्ड्याच्या तिस्कावर गॅरेज घातलं.
बावीस सिमेंटचे पत्रे, मडगावहून ट्रकनं.
बिल अजून आहे, मागच्या बाजूला त्याच्या अक्षरात
हूक, वॉशर, हमाली, चहा.

ट्रकांच्या ब्रेकमधली धूळ
तो हवेच्या पाईपनं उडवायचा, तोंड फिरवून.
संध्याकाळी त्याचा शर्ट मी धुवायचे.
आधी झटकायचे, मग धुवायचे.
तो गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, बिडी.
बिडी तर तो ओढायचाच.

खाणी बंद पडल्या. एकेक करून आठ पत्रे
आम्ही देऊन टाकले,
मागणाऱ्याला नाही म्हणायची
आमच्या घराला सवय नव्हती.
दोन रुझारिनच्या डुकरांवर,
तीन फोंडू वेळिपाच्या काजूच्या भट्टीवर,
एक शाळेच्या सायकलींना, बाकीचे कुणाच्या लाकडांवर.
हूक हातोडीनं तोडले.
उडालेले तुकडे पोरांनी नेले,
त्यांच्या रेघा खडूपेक्षा पांढऱ्या उमटत.

यंदा भाचा आला, वेर्ण्याला कारखान्यात सेफ्टीचं बघतो.
जेवला, हात धुतले, वर बघून म्हणाला,
मामी, हे उतरवताना मला बोलव.
आणि तोवर झाडू मारू नकोस खाली. ओलं फडकं घे.

भर मे महिना, विहीर तळाला,
आणि मी छपराला पाणी पाजतेय.
शेजारी म्हणाले, पालवी फुटेल गो पत्र्यांना!
गदगचा यल्लप्पा वर चढला,
लाथ मारून पाडायला पाय उचललान् आणि
भाचा ओरडला.
मग एकेक नट, तेल सोडून, पान्यानं.
एकेक पत्रा दोघांच्या हातांत
मोठा आरसा उतरवावा तसा.
जाड प्लास्टिक, दोनदा गुंडाळलेलं, टेप, लाल अक्षरं.
यल्लप्पा थुंकायला मास्क खाली ओढी, मी दगड दाखवी.
त्याचे कपडे तिथल्या तिथे पिशवीत बंद केले.
घरी जाताना त्याच्या अंगावर कुष्टाचा शर्ट होता,
चवथीचा, घडीही न मोडलेला.

पंच म्हणाला, एवढा थाट कशाला?
खाणीचा खड्डा आहे, रात्री ढकल.
त्या खड्ड्याचं पाणी हिरवं आहे.
त्यात पंचाचाच नातू पोहतो.

चौदा बांधून झाले. वहीत उरले आठ.

दिलेलं परत मागू नये, आई सांगायची.
मी दारोदार परत मागत फिरले.
रुझारिन म्हणाली, काय चुकलं गो आमचं?
फोंडूनं भट्टीकडे बोट केलं, हे बघ,
धूर खाऊन काळे झालेत, तुला कशाला हवेत?
मी म्हटलं, नवे देते, रंगीत, आधी नवे घाल.
कुष्टाचा हवेचा कॉम्प्रेसर विकला
आणि नवे पत्रे आणले.
नेणाऱ्यानं बटण दाबून बघितलं.
किती वर्षांनी तो आवाज.
मी आत जाऊन उभी राहिले.

सात मिळाले.
गाडी आली, तिच्या माणसानं हातमोजे घालून वजन केलं,
पावती फाडली. बिलाला टाचून ठेवलीय:
आले बावीस, गेले एकवीस.

आठवा वळणावर आहे.
रस्त्यातला खड्डा बुजवायला कुणी तरी चेचून घातला,
कुणी ते सगळ्यांना ठाऊक, कुणी सांगत नाही.
मडगावची बस त्यावरून दिवसाला नऊ वेळा जाते.
रस्ता खात्याला दोन अर्ज केलेत.

सकाळी पहिल्या बसच्या आधी
मी कळशी घेऊन जाते आणि तिथे ओतते.
ड्रायव्हरला वाटतं, राखणदाराचं काही असेल.
स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावतो
आणि तेवढ्या जागेपुरती
बस अगदी हळू नेतो.

मी त्याला काही सांगितलेलं नाही.